कॅलिब्रेशनचा आकडा कोण बदलणार?

वाय-फाय चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या ड्रायव्हर विभागप्रमुखांस,



नवी चिप बाजारात उतरवण्याच्या धावपळीत तुमच्या विभागांत एक निर्णय फार लवकर उरकला जातो, त्याबद्दल हे पत्र आहे. रेडिओच्या कॅलिब्रेशनची एखादी सेटिंग ड्रायव्हरच्या बाहेरून बदलता यावी, अशी मागणी येते. कधी ती फॅक्टरीतून येते, कधी राउटर बनवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीकडून. मग डीबगएफएसमध्ये एक फाइल उघडली जाते, नाहीतर मॉड्युलला एक पॅरामीटर जोडला जातो, नाहीतर कंपनीची स्वतःची एक वेंडर कमांड तयार होते. आकडा बदलतो, चाचणी पास होते, तिकीट बंद होतं. पण लिनक्स कर्नलमधून बाहेर दिलेला इंटरफेस हा दिलेला शब्द असतो. त्यावर कुणाची तरी स्क्रिप्ट उभी राहते, कुणाचं तरी उत्पादन उभं राहतं. राउटर भिंतीवर सहज आठ-दहा वर्षं राहतो, आणि तोवर तो निर्णय घेणारी माणसं दुसऱ्या कंपनीत गेलेली असतात.

माझी विनंती एवढीच आहे, की इंटरफेस निवडण्याआधी एक प्रश्न टेबलावर ठेवा: हा आकडा कोण बदलणार आहे, आणि कधी? तो चिपच्या कुठल्या रजिस्टरमध्ये जातो, फर्मवेअरला कुठल्या संदेशातून कळवायचा, हे सगळं त्यानंतर. पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात बसून हे ड्रायव्हर लिहिणाऱ्या कित्येक तरुण अभियंत्यांना रजिस्टरं तोंडपाठ असतात. हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारलेलाच नसतो, आणि तो विचारणं हे तुमचं काम आहे.

कॅलिब्रेशन ही एक गोष्ट नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मांडतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्रिस्टलचं उदाहरण घ्या. ओएफडीएम पद्धतीच्या प्रक्षेपणासाठी ८०२.११ चं मानक क्रिस्टलला २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दहा लाखांत २५ भागांपर्यंतची आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २० भागांपर्यंतची चूक माफ करतं. २४१२ मेगाहर्ट्झच्या पहिल्या चॅनेलवर ही चूक ६० किलोहर्ट्झ होते, ५५०० मेगाहर्ट्झवर ११० किलोहर्ट्झ. दोन उपवाहकांमधलं अंतर जुन्या वाय-फायमध्ये ३१२.५ किलोहर्ट्झ होतं. वाय-फाय ६ मध्ये ते ७८.१२५ वर आलं. रिसीव्हर ही तफावत मोजून भरून काढतो, पण मुळात ती जितकी कमी तितकं बरं. म्हणून फॅक्टरीत प्रत्येक बोर्ड टेस्टरला जोडून त्याच्या क्रिस्टलची दुरुस्ती लिहून ठेवतात. पॉवर अॅम्प्लिफायरचंही तसंच. एकाच मॉडेलचे दोन बोर्ड सारख्याच आदेशाला सारखी शक्ती देत नाहीत, आणि ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्ती. हे आकडे त्या एका नगाचे असतात. शेजारच्या नगाला ते लागू पडत नाहीत.

दुसरे आकडे मॉडेलचे असतात: अँटेना कुठली, पुढचा अॅम्प्लिफायर बाहेरचा की चिपमधलाच, चॅनेलनिहाय वरची मर्यादा किती. ते त्या मॉडेलच्या सगळ्या नगांना सारखे. तिसरे आकडे त्या घटकेचे. नॉइज फ्लोअर, आय-क्यू असमतोल, डीसी ऑफसेट हे तापमानाबरोबर सरकतात, म्हणून चिप ते चालता चालता स्वतःच पुन्हा पुन्हा मोजते.

नगाचे, मॉडेलचे आणि घटकेचे आकडे जेव्हा एकाच इंटरफेसमधून दिले-घेतले जातात तेव्हा बिघाड होतो, आणि तो बिघाड बोलत नाही. याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण नोकियाच्या एन९०० या फोनचं आहे. २००९ च्या अखेरीस तो आला. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डब्ल्यूएल१२५१ चिप होती आणि प्रत्येक फोनचं कॅलिब्रेशन फ्लॅशमधल्या ‘कॅल’ नावाच्या वेगळ्या विभागात लिहिलेलं होतं. मूळ लिनक्समधला ड्रायव्हर मात्र हे आकडे फर्मवेअरसारखेच, एका ठरावीक नावाच्या फाइलमधून मागायचा. त्या नावाची एक नमुना फाइल सर्वांसाठीच्या लिनक्स-फर्मवेअर संग्रहात होती. कर्नल आधी डिस्कवर पाहतो, तिथे फाइल मिळाली की शोध थांबतो. म्हणजे फोनचे स्वतःचे आकडे फ्लॅशमध्ये शाबूत, आणि रेडिओ चालतोय नमुन्याच्या आकड्यांवर. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये तक्रार नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातला तरी रस्ता दिसतोच, तसं वाय-फाय जोडलं जात होतं. यावर काय करावं, आधी युजरस्पेसला विचारावं की डिस्कवर पाहावं, याची चर्चा कर्नलच्या विकसकांत बराच काळ चालली. मुळात प्रश्न फाइल शोधण्याच्या क्रमाचा नव्हताच. नगाची गोष्ट मॉडेलच्या वाटेनं मागवली होती, ही खरी अडचण होती.

नगाचे आकडे ही सेटिंग नव्हे, तो डेटा आहे. फॅक्टरीतून बाहेर पडल्यावर ते कुणी बदलायचे नसतात, फक्त योग्य जागेवरून वाचायचे असतात. म्हणून त्यांना लिहिता येणारा कुठलाही इंटरफेस देऊ नका. चिपवर ओटीपी किंवा ईप्रॉम असेल तर ड्रायव्हरनं तिथून वाचावं. फ्लॅशमध्ये असतील तर डिव्हाइस ट्रीमध्ये त्या जागेचं वर्णन करावं आणि कर्नलच्या एनव्हीमेम व्यवस्थेकडून ते घ्यावेत. एथेरॉसच्या चिप वापरणाऱ्या असंख्य राउटरांच्या फ्लॅशमध्ये एआरटी नावाचा विभाग असतो. ओपनडब्ल्यूआरटी वर्षानुवर्षं बूट होताना स्क्रिप्टनं त्यातला तुकडा कापून ड्रायव्हरला फाइल म्हणून देत आलं. अनेक बोर्डांवर एथ१०के या ड्रायव्हरसाठीचा तो तुकडा ०x५००० या जागेपासून सुरू होतो आणि २११६ बाइटचा असतो. ही माहिती प्रत्येक राउटरमागे कुणीतरी फ्लॅश उघडून, चाचपडून शोधून काढलेली आहे. आता तीच जागा डिव्हाइस ट्रीमध्ये एनव्हीमेमचा कप्पा म्हणून एकदा लिहिली की स्क्रिप्टची गरज उरत नाही. नव्या बोर्डासाठी हे काम तुम्ही पहिल्याच दिवशी करू शकता. तुम्हाला चाचपडावं लागत नाही, जागा तुम्हीच ठरवलेली असते.

मॉडेलच्या आकड्यांसाठी फर्मवेअर फाइलची वाट बरोबर आहे, आणि तिथे चांगली उदाहरणं आहेत. एथ१०के च्या बोर्ड फाइलमध्ये शेकडो बोर्डांची माहिती एकत्र असते आणि ड्रायव्हर बसवरून, डिव्हाइसच्या क्रमांकावरून, गरज पडली तर डिव्हाइस ट्रीतल्या ‘व्हेरियंट’ या नावावरून आपला तुकडा निवडतो. रास्पबेरी पायच्या ब्रॉडकॉम चिपसाठी फाइलच्या नावातच बोर्डाचं नाव येतं. शिवाय एथ१०के सुरू होताना कॅलिब्रेशन कुठून मिळालं, ओटीपीतून की फाइलमधून की डिव्हाइस ट्रीतून, ते लॉगमध्ये स्पष्ट लिहितो. हा एक शब्द एन९०० च्या ड्रायव्हरमध्ये असता तर कित्येकांचे तास वाचले असते. तो तुमच्या ड्रायव्हरमध्ये असावा, असा माझा आग्रह आहे.

आता फॅक्टरीकडे वळतो. हे आकडे कुणीतरी लिहिणारच, आणि ते लिहिण्यासाठी चिपला अशा अवस्थेत न्यावं लागतं जी घरात कधीच येऊ नये: एका चॅनेलवर अखंड प्रक्षेपण, एकच अँटेना चालू, शक्ती हाताने वर-खाली. यासाठी कर्नलमध्ये वेगळी जागा २००९ पासून आहे, एनएल८०२११ या वायरलेस इंटरफेसची टेस्टमोड कमांड. तिच्यातला मजकूर कर्नल उघडून पाहत नाही, तुमचं साधन आणि तुमचा ड्रायव्हर यांच्यात तो जसाच्या तसा पोचतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं ‘कॅलिब्रेटर’ नावाचं साधन याच वाटेनं त्यांच्या चिपला उत्पादन-चाचणीच्या अवस्थेत नेतं, चॅनेल लावतं, मोजमाप करून घेतं. मीडियाटेकच्या एमटी७६ ड्रायव्हरमध्येही टेस्टमोड आहे. इथे मोकळीक भरपूर आहे, आणि तिची अट एकच. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये या पर्यायाखाली साफ लिहिलं आहे, की फॅक्टरीसाठी खास बांधलेल्या कर्नलमध्येच तो चालू करा. ही अट पाळा. फॅक्टरीची प्रतिमा वेगळी आणि गिऱ्हाईकाच्या हातात जाणारी वेगळी, हा खर्च थोडा आहे. टेस्टमोड चालू ठेवून राउटर विकला, तर रूट मिळवणारा कुणीही त्या रेडिओला अखंड प्रक्षेपणावर सोडू शकतो आणि आसपासच्या सगळ्यांचं वाय-फाय झाकोळू शकतो. आणखी एक गोष्ट: मोजून झालेले आकडे फ्लॅशमध्ये लिहिण्याचं काम फॅक्टरीच्या साधनाकडेच ठेवा. ते काम ड्रायव्हरला शिकवलं, तर आयुष्यात एकदाच लागणारा धोकादायक कोड प्रत्येक घरात पोचतो.

डीबगएफएसबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरवापर तिथेच दिसतो. त्याला नियम नाहीत, हाच त्याचा गुण आहे. विकसकाला चिपच्या आत डोकावायचं, काहीतरी हलवून पाहायचं, तर तिथे फाइल उघडावी. एथ१०के मध्ये नॉइज फ्लोअरचं कॅलिब्रेशन किती वेळानं व्हावं हे ठरवणारी फाइल डीबगएफएसमध्ये आहे, आणि ती तिथेच शोभते. चिप हे काम स्वतःच करते, ती वेळ कमी-जास्त करून काय होतं हे पाहण्याची गरज ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच पडते. ईप्रॉममधले आकडे वाचून दाखवणाऱ्या एथ९के च्या फाइलींचंही तेच.

पण तीच फाइल उत्पादनाच्या चालण्याचा भाग झाली की घात होतो. डीबगएफएस मुळातच फक्त रूटसाठी उघडतो. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून कर्नलमध्ये लॉकडाउन आहे, आणि सिक्युअर बूटसह ते लागू असलेल्या यंत्रावर डीबगएफएसमध्ये लिहिणं बंद होतं. अँड्रॉइडनं ११ व्या आवृत्तीपासून ग्राहकांच्या हातातल्या फोनवर डीबगएफएस माउंटच करू नये अशी अट घातली. कर्नल बांधताना तो पूर्ण वगळताही येतो, आणि तो नसला तरी ड्रायव्हर बिनतक्रार चालला पाहिजे हा कर्नलचा दंडक आहे. म्हणजे तुमच्या गिऱ्हाईक कंपनीनं जर स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये त्या फाइलीत आकडा लिहिणारी एक ओळ टाकली असेल, तर ती ओळ कधीतरी गुपचूप मरणार आहे. ती मागणी तुमच्याकडे आली तेव्हाच ओळखा: ज्याला हा आकडा प्रत्येक बूटला हवा आहे तो विकसक नाही, त्याला दुसरी वाट हवी.

मॉड्युल पॅरामीटरचा मोह याहून जुना. त्यातला दोष साधा आहे. पॅरामीटर ड्रायव्हरला लागतो, कार्डाला नाही. एकाच चिपचे दोन रेडिओ असलेल्या राउटरवर २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओला दिलेला आकडा ५ गिगाहर्ट्झच्यालाही लागतो. कॅलिब्रेशनसाठी याहून चुकीची जागा शोधून सापडणार नाही. सिसएफएस त्या मानानं बरा: एका फाइलीत एक मूल्य, प्रत्येक उपकरणाची वेगळी जागा. मात्र तिथे फाइल उघडलीत तर कर्नलच्या दस्तऐवजांतल्या एबीआय विभागात तिची नोंद करणं आलं, आणि ती पुढे मोडता येत नाही. वायरलेसच्या बाबतीत एनएल८०२११ हाताशी असताना सिसएफएसकडे जाण्याचं कारण क्वचितच पडतं.

उरतो तो माणूस, जो रेडिओ वापरतो. सह्याद्रीच्या माथ्यावरून खालच्या गावात दहा किलोमीटरचा दुवा उभारणारा तंत्रज्ञ घ्या. त्याला पोचपावतीसाठी (एसीके) थांबायची वेळ वाढवायची असते. चिपच्या दृष्टीनं ही काही रजिस्टरांतली काही मायक्रोसेकंदांची बेरीज आहे. पण एनएल८०२११ मध्ये ती ‘कव्हरेज क्लास’ म्हणून आहे: एक पायरी म्हणजे जाऊन-येऊन ३ मायक्रोसेकंद, म्हणजे ४५० मीटर. आणि आयडब्ल्यू या साधनात तंत्रज्ञ थेट मीटरमध्ये अंतर देतो. दहा हजार म्हटलं की तेविसावी पायरी लागते, मग चिप कुणाचीही असो. चांगला इंटरफेस असा असतो. त्यातलं माप वापरणाऱ्याच्या कामाचं असतं, रजिस्टराचं नसतं, आणि ते रजिस्टरात बसवण्याची मेहनत ड्रायव्हर घेतो.

कॅलिब्रेशनला लागूनच असलेल्या एसएआर मर्यादेचा प्रवास याच दिशेनं झाला. शरीराजवळ उपकरण असताना शक्ती किती कमी करायची, हे इंटेलचा ड्रायव्हर बायोसच्या एसीपीआय तक्त्यांतून वाचायचा; क्वालकॉमच्या मूळ कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरसाठी वेंडर कमांड होती. गरज एकच, वाटा वेगवेगळ्या. मग ५.११ या कर्नलमध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये, एनएल८०२११ मध्ये सगळ्यांसाठी एक कमांड आली. तिच्यात वारंवारितेचे पट्टे आहेत, प्रत्येक पट्ट्याची मर्यादा पाव डीबीएमच्या मापात आहे, आणि ती वापरणारा पहिला ड्रायव्हर एथ१०के होता. ही सामायिक कमांड एका कंपनीच्या अभियंत्यानंच लिहून दिली. वेंडर कमांड करून मोकळं होणं त्यालाही सोपं होतं.

वेंडर कमांडला माझा सरसकट विरोध नाही. तुमच्या चिपमध्ये खरोखरच एकमेव असं काही असेल, तर २४ बिटांचा कंपनीचा क्रमांक आणि पुढे उपकमांड ही रचना त्यासाठीच आहे. पण त्या वाटेचा इतिहास आठवा. एनएल८०२११ च्या आधीच्या वायरलेस एक्स्टेन्शन्सच्या काळात प्रत्येक ड्रायव्हरला खासगी आयओसीटीएलचे ३२ क्रमांक मोकळे दिले होते. एकाच क्रमांकाला एका ड्रायव्हरमध्ये एक अर्थ, दुसऱ्यात दुसरा. आतल्या पॉइंटरमुळे ३२ बिटांचं साधन ६४ बिटांच्या कर्नलवर चालवायला कर्नलला खास भाषांतर करावं लागे. आयडब्ल्यूप्रिव्ह या साधनातून दिल्या जाणाऱ्या त्या आज्ञांवर उभी असलेली कितीतरी उत्पादनं ड्रायव्हर बदलताच पांगळी झाली. एनएल८०२११ ज्यावर चालतं त्या नेटलिंकमध्ये प्रत्येक गुणधर्माला स्वतःचा प्रकार आणि लांबी असते, कर्नल ती तपासतो, आणि उद्या नवा गुणधर्म जोडला तरी जुनं साधन चालू राहतं. एवढं मिळालेलं असताना तुमची वेंडर कमांड जर आत एक ओळखू न येणारा बाइटांचा गठ्ठा नेत असेल, तर ते ३२ क्रमांक पुन्हा आणल्यासारखंच आहे.

तुमच्यातले काही जण यावर एक गंभीर आक्षेप घेतात, की सगळं उघडं केलं तर लोक कायद्याबाहेर शक्ती वाढवतील आणि जबाबदारी आमच्यावर येईल. भीती खरी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेत टीपी-लिंकला राउटरमधली देशाची सेटिंग बदलून शक्ती वाढवता येत असल्याबद्दल तिथल्या दूरसंचार नियामकाला, एफसीसीला, दोन लाख डॉलर भरावे लागले. पण त्याच तडजोडीत कंपनीनं मुक्त फर्मवेअर चालू देणारे उपाय शोधण्याचंही मान्य केलं होतं. कायद्याची मर्यादा आणि यंत्राची क्षमता वेगळ्या जागी ठेवल्या की दोन्ही सांभाळता येतात. क्षमता कॅलिब्रेशनमध्ये राहते, मर्यादा देशनिहाय नियमांच्या डेटाबेसमध्ये. ४.१५ पासून तो डेटाबेस कर्नल स्वतः सही तपासून वाचतो आणि कर्नलमधला सीएफजी८०२११ हा भाग त्यातल्या मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतानं ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त केले. ज्या राउटरांत मर्यादा नियमांच्या डेटाबेसमधून येत होती आणि सगळा पट्टा फॅक्टरीत मोजलेला होता, त्यांना नवे चॅनेल मिळायला एक अपडेट पुरेसं होतं. ज्यांत देशाचा कायदाच कॅलिब्रेशनमध्ये कोरला होता, त्यांच्यापाशी फॅक्टरीत परत जाण्याखेरीज वाट नव्हती, आणि फॅक्टरीत कुणी परत जात नाही.

म्हणून तुमच्याकडून काही ठोस गोष्टी मागतो. नवी सेटिंग घेऊन येणाऱ्या प्रत्येक पॅचच्या वर्णनात, कोडविषयीच्या पहिल्या वाक्याआधी, ती कोण बदलणार आणि कधी हे एका ओळीत लिहिलेलं असू द्या. नसेल तर तुमच्याच विभागानं तो पॅच परत पाठवावा. दुसऱ्या कुठल्याही कंपनीलाही लागेल अशी सेटिंग दिसली, तर सामायिक कमांडचा प्रस्ताव तुम्ही मांडा, जरी त्याला तीन महिने जास्त लागले तरी. हे तीन महिने वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर अभियंता पुन्हा डीबगएफएसकडेच वळेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

शेवटची मागणी सगळ्यात लहान आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात तातडीची. तुमच्या नगनिहाय कॅलिब्रेशनच्या तुकड्याचा आराखडा प्रसिद्ध करा. आतल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगू नका, ती तुमची विद्या आहे. तुकड्याची लांबी किती, चेकसम कुठे आणि कसा काढायचा, मॅक पत्ता कुठल्या बाइटपासून सुरू होतो, आणि आवृत्तीचा क्रमांक कुठला, एवढ्या चार गोष्टी कर्नलमधल्या डिव्हाइस ट्रीच्या दस्तऐवजात आल्या, की राउटर दुरुस्त करणाऱ्याला फ्लॅश पुसण्याआधी काय जपून ठेवायचं ते कळेल, आणि ड्रायव्हरला चुकीचा तुकडा हातात पडल्यावर तो नाकारता येईल.



आपला,
एक एम्बेडेड लिनक्स अभियंता